डाव्या अंगाची धार

बायकूनं नवऱ्याचं नाव घिऊ न्हाय म्हणत्यात. मी घेणार. माझ्या नवऱ्याचं नाव भिमा, आन् त्या भिमानं माझा कोयता मला न इचारता बिघडवून आणला. कसा आन् का, ते सांगते. आदी सगळं ऐकून घ्या आन् मग मला शानपन शिकवा.

मी ठमाबाई, निरवांगीची. आमच्या घरात पयली मेंढरं हुती. बाहत्तरच्या दुष्काळात ती गेली, तवापास्नं आमी दुसऱ्याच्या रानात. पर मी निस्ती खुरपणारी बाई न्हवं. मी बेणं तोडती. उसाची लागण करायची म्हणली की उसाची टिपरी करावी लागत्यात, एकेका टिपऱ्याला तीन डोळं. डोळ्यातनं कोंब येतो. घाव दोन डोळ्यांच्या मधी बसला पायजे आन् एका दणक्यात आरपार गेला पायजे. टिपरं चिरलं की पाणी आत शिरतं, टिपरं कुजतं, डोळा मरतो. ऐकाय सोपं हाय. या एकदा आन् दिसभर तोडून दावा.

आन् मी डावरी. उजव्या हातानं ऊस धरती, डाव्यानं घाव घालती. लगीन हून आले तवा सासूनं वरीसभर माझा डावा हात सुतळीनं कमरंला बांधला. भाकरी उजव्यानं थाप, पाणी उजव्यानं शेंद. भाकरी जमली. कोयता काय जमला न्हाय. शेवटी सासूच कटाळली आन् सुतळी सोडली. त्या वरीसभरात भिमा रोज समूर बसून जेवत हुता. एकदा बी तोंडातनं चकार शबुद काढला न्हाय गड्यानं.

माझा कोयता बावड्याच्या जोतीरामआबा लोहारानं घडवलाय, जीपच्या पाट्याचा. त्याला आठ सालं झाली. बाजारातल्या समद्या कोयत्यांची धार एकाच अंगानं काढल्याली असती, उजव्या हाताच्या माणसाला सोयीची. ती डाव्या हातात धरली की पातं सरळ जात न्हाय, वळतं. आबानं मला हवेत चार घाव घालाय लावलं, माझ्या मनगटाकडं बघितलं आन् धार दुसऱ्या अंगानं काढली. म्हणला, "बाय, हत्यार माणसाच्या हाताला बसवायचं असतं, माणूस हत्याराला न्हाय." एवढी अक्कल आमच्या घरात कुणाला असती तर काय पायजे हुतं?

आठ सालांत पातं झिजून चार बोटांचं अडीच बोटं झालं. मूठ माझ्या बोटांच्या वळानं खड्डं पडून गेली. दर साली लागणीच्या आदी मी तो आबाकडं शेवटून घेती, म्हंजी तापवून, ठोकून नवी धार काढायची आन् तापल्यालं पातं पाण्यात बुडवून त्याला पाणी द्यायचं, कडक करायचं. यंदा बांधाच्या दगडावर बसून टोकाला दोन दातं पडलं हुतं, मूठ बी खुळखुळाय लागली हुती. दादासाहेबाच्या एकरभर लागणीला पाच दिस ऱ्हायलं तवा मी कोयता फडक्यात गुंडाळून भिमाच्या हातात दिला. सांगितलं, बावड्याला आबाकडंच न्या. दुसऱ्या कुणाकडं न्हाय.

"व्हय व्हय," म्हणला, "मी काय बारकं प्वार हाय?"

दादासाहेब म्हंजी आमच्या शेजारचा बागायतदार माळी. वांगी, टमाटू, ऊस, समदं कालव्याच्या पाण्यावर. माणूस वाईट न्हाय. त्याची आई कुशाबाई, तिला समदी आक्का म्हणत्यात, ती मातर जुन्या वळणाची. डाव्या हातानं बेणं तोडलं की रानाला लागतं, असं ती पयल्यापास्नं मानती. सात सालं मी तिच्या रानात तोडलं, सातीच्या साती सालं उगवण अशी की लोक बघाय येत हुतं, तवा म्हातारी गप हुती. गेल्या साली उसाच्या मुळ्या हुमणीच्या किड्यानं खाल्ल्या. आजूबाजूच्या समद्यांच्याच खाल्ल्या. पर आक्काच्या रानात काय हुमणी आली न्हाय, माझा डावा हात आला!

भिमा कोयता घिऊन आला ते तोंडभर हसत. फडकं सोडलं तर कोयता आरशावानी चकाकतोय. मुठीला तांबडा रंग, वर दोन नवं खिळं. मी इचारलं, आबानं रंग कवापास्नं लावाय सुरवात केली? तर म्हणला, दादासाहेबाच्या पाण्याच्या मोटारीचं सामान आणाय बारामतीला जायचं हुतं, तितल्याच एका दुकानात करून घेतला. चाकावर धरला आन् पाच मिन्टात काम. मला जरा खटकलं. पर धारंवर बोट ठेवलं तर बोट कापंल अशी धार. कंदिलाचा उजेड, वीज गेल्याली, मी दमल्याली. कोयता उलटा-सुलटा करून बघितला न्हाय. ही माझी चूक, ती मी कबूल करती.

लागणीच्या दिशी सकाळी सात वाजता आमी रानात. बाया पाचट सोलाय बसल्या. रतन म्हणून एक हाय, तिच्या तोंडाला कुलूप न्हाय. ती म्हणली, "ठमाबाय, कोयत्याचं लगीन हाय का काय आज? नवरदेवावानी नटवलाय!" समद्या हसल्या, मी बी हसले. ऊस उचलला आन् घाव घातला.

कोयता उसात शिरला आन् आडवा जायाच्या जागी डोळ्याकडं वळला. टिपऱ्याला बोटभर चीर. म्हणलं, पयलाच घाव हाय, हात बसला नसंल. दुसरा घातला, तिसरा घातला. वीस टिपरी तोडली, वीसच्या वीस चिरली. दोनांचं तर डोळंच फुटलं. तवा कोयता उन्हात धरला आन् पात्यावरनं आंगठा फिरवला. धारंचा उतार उजव्या अंगाला! कुणीतरी माझी धार घासून पार सपाट केल्याली आन् दुसऱ्या बाजूनं नवी काढल्याली. माझ्या पायाची आग मस्तकाला गेली.

"आज बेणं तुटायचं न्हाय," मी म्हणलं.

दादासाहेब पळत आला. "मावशी, असं काय करतीस? परवा पहाटं पाण्याची पाळी हाय. पाणी सरीत आन् टिपरी न्हाईत, मग मी काय तोंडात घालू पाणी?"

मी त्याला चिरल्याली टिपरी दाखवली, कोयता दाखवला. त्यानं डोकं खाजवलं. म्हणला, "मग रतनला तोडू दे. तिचा उजवा हाय. तशी बी आई म्हणतच हुती, डावा हात बेण्याला नगो."

"दादासाहेब," मी म्हणलं, "तुमच्या रानाला पाणी कुठल्या कालव्याचं?"

"नीरा डाव्याचं. का?"

"मग ते कसं चालतं तुमच्या आईला? जावा, फाटकं बंद करा म्हणावं, पाणी डावं हाय!"

बाया फिसफिस हसाय लागल्या. दादासाहेब बी मिशीतल्या मिशीत हसला, पर लगेच घड्याळ बघितलं. "कोयता नीट करून दुपारी तीनपतुर ये. आलीस तर आजचं आन् उद्याचं समदं बेणं तुझं. न्हाय आलीस तर रतनच्या हातात देतो, आन् मग हितनं पुढं बी तीच."

म्हंजी सात सालांत कमावल्यालं एका दुपारवर आलं. बेणं तोडणारीचं एक असतं बघा. एकदा लोक म्हणाय लागलं की हिच्या हाताचं उगवत न्हाय, की पंचक्रोशीत कुणी बोलवत न्हाय. मग जलमभर खुरपं.

घरी गेले. भिमा दारात बसून चा पीत हुता. मी कोयता त्याच्या पुढ्यात टाकला.

"धार फिरवाय तुमी सांगितलं का दुकानदारानं आपल्या मनानं केलं?"

आदी म्हणला, दुकानदार म्हणला ही धार उलटी हाय, मी म्हणलं करा सरळ. मग माझ्या डोळ्याकडं बघितलं आन् कप खाली ठेवला. "मीच सांगितलं," म्हणला. "आक्कानं मला बोलावलं हुतं. म्हणली, यंदा डावा हात माझ्या बेण्याला लागला तर ठमीला रानात पाय ठेवू द्यायची न्हाय. तुझं काम जाऊ न्हाय म्हणून मी शबुद दिला, ती उजव्यानं तोडंल."

"माझ्या हाताचा शबुद तुमी दिला?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस व्हय?"

"न्हाय!"

"मग? म्हणलं धार उजवी झाली की तुला उजव्यानं धरावाच लागंल. चार दिसात सवय हुईल. लोक बी बोलायचं थांबत्याल. तीस वर्सं ऐकतोय मी, भिमाची डावरी, भिमाची डावरी."

बघा म्हंजी! काळजी माझ्या कामाची न्हवती, लाज ह्याच्या तोंडाची हुती. मी काय बोलले ते समदं सांगत न्हाय, सांगण्यासारखं बी न्हाय. शेजारचं कुत्रं उठून गेलं एवढं सांगते. पर एक बोलले ते सांगते. "तुमच्या आईनं हात बांधला तर निदान समूरनं बांधला. तुमी पाठीमागनं बांधलासा."

"उठा," मी म्हणलं. "बावड्याला चला. आन् आक्काला जाऊन सांगायचं, शबुद दिला तुमी, मोडायचा बी तुमी."

"सांगतो," म्हणला.

वडाप जीपमधी कोंबून बसलो आन् दहाच्या सुमाराला बावड्यात पोचलो. जोतीरामआबा ऐरणीपाशी कुळवाच्या फासा घिऊन बसला हुता. मी कोयता दिला. आबानं तो उजेडात धरला, आन् म्हातारं कळवळलंच.

"आरं, कुणी केला ह्यो खून?"

कानस घेतली आन् धारंवरनं वढली. चांगल्या धारंवरनं कानस घसरती. ही खर्रकन लोखंड खाऊन गेली. आबा म्हणला, "चाकावर दाबून धरलाय. ही कडा निळी पडलीया दिसती का? तापून पाणी उतरलं. दोन दिस चकाकला असता, तिसऱ्या दिशी गवत बी कापलं नसतं. आन् धार फिरवायपायी अर्धं बोट पोलाद उडवलं. दर साली मी दाण्यादाण्यानं वाचवत आलोय ते." मग भिमाकडं वळला. "भिमराव, तुमच्या पायातलं पायताण तरी त्या चाकावर धरून दिलं असतंसा का?"

भिमानं पाय मागं वढलं.

"सांधता येईल का, आबा?" मी इचारलं.

"येईल. तापवून ठोकून उतार परत डावीकडं घ्यावा लागंल. पर पातं पातळ झालंय. पाणी देताना तडकलं तर मग संपलंच. नवा घडवाय चार दिस."

चार दिस कुठनं आणू? मी म्हणलं, करा. तडकला तर माझं नशीब.

आता आबाच्यात घण मारायला त्याची सून असती, ती माह्यारी गेल्याली. आबानं घण भिमाला दिला. पयला घाव बरा बसला, दुसरा ऐरणीवर, तिसरा आबाच्या सांडशीला. आबानं अशी शिवी हासडली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. मी पदर खोचला आन् घण भिमाच्या हातातनं वढून घेतला.

"तुमी पंखा फिरवा," मी म्हणलं, "त्यात डावं-उजवं काय न्हाय."

भट्टीत कोयता लालभडक झाला. आबा बारक्या हातोडीनं जागा दावायचा, मी तितंच घण टाकायची. डावा हात पुढं, उजवा मागं. मनात काय चाललं हुतं ते सांगाय नगो. चार-पाच घाव झालं तवा आबा म्हणला, "बाय, कोयत्याला मार. नवरा तिकडं पंख्याला हाय."

मी हसले न्हाय. मला हसू येतच न्हवतं. त्या ऐरणीवर माझी सात सालं पडली हुती, आन् पंख्यापाशी बसल्याला माणूस ती एका दुकानदाराला पाच मिन्टात देऊन आला हुता. घामानं डोळं चरचरत हुतं, आन् निस्त्या घामानं न्हाय.

उतार परत डाव्या अंगाला आला. आबानं धार कानशीनं सारखी केली आन् शेवटचा ताव दिला. आबानं निस्ती धार-धार पाण्यात बुडवली. चर्र झालं, वाफ आली. त्यानं कोयता कानापाशी नेला आन् कानशीच्या दांड्यानं वाजवून बघितला. मग उरल्याल्या धगीवर धरून बघत बसला. धारंला गव्हाच्या काडीचा रंग आला तसा परत बुडवला.

"निभला," म्हणला. "पर हे शेवटचं. दोन बोटं पातं ऱ्हायलंय. एवढी लागण काढ आन् पुढच्या साली नव्याला ये."

मी डाव्या हातात घिऊन हवेत घाव घातला. हातानंच सांगितलं, हा माझा हाय. मुठीचा तांबडा रंग तेवढा आबानं तासून काढला.

तीनाला दहा मिन्टं कमी असताना मी रानात. रतन कोयता घिऊन बसायच्या बेतात हुती, मला बघून उठली. म्हणली, "ये बाय, माझा तर नुसत्या बघण्यानंच हात दुखाय लागला." मी बसले ती अंधार पडंपतुर उठले न्हाय, आन् दुसऱ्या दिशी उजाडताना परत बसले. एक टिपरं चिरलं न्हाय. दादासाहेब येऊन जाऊन बघत हुता, कुठल्या हातानं तोडती ते बी बघत हुता. "मला उगवण पायजे," म्हणला. "आईला काय सांगत बसू नगं." आक्काचं गुडघं दुखत्यात म्हणून ती रानात येत न्हाय, तवा तिला कोण सांगणार? भिमानं सांगायचं हुतं. मी रोज इचारायची, सांगितलं का? रोज म्हणायचा, आज जातो.

एकविसाव्या दिशी दादासाहेबानं आईला एमेटी गाडीवर मागं बसवून रान दावाय आणलं. मला, भिमाला, रतनला बी बोलावलं. सरीच्या सरी हिरव्यागार, कोंब असं रांगंत उभं की एक जागा रिकामी न्हाय. आक्का काठीवर रेलून लांबवर बघत ऱ्हायली. मग पिशवीतनं खण काढला, हिरवा, जरीच्या काठाचा.

"बघा," म्हणली, "मी काय म्हणत हुते? हात बदलला की रान बदलतं. ये ठमे. उजव्या हातानं तोडलंस, उजव्या हातात खण घे."

माझ्या कानात गरम शिसं वतल्यासारखं झालं. ही माझी उगवण. माझा कोयता, माझं मनगट, माझी पाठ. आन् मान कुणाला? ज्या हातानं निस्ता ऊस धरला त्याला! मी भिमाकडं बघितलं. भिमा बांधाकडं बघत हुता. दादासाहेब एमेटीचं हँडल पुसत हुता.

मी डावा हात पुढं केला.

"ठमे," आक्का म्हणली, "खण हाय. डाव्या हातानं घेत न्हाईत."

"ह्या हातानं तोडलंय, आक्का. ह्यो एवढा समदा एकर ह्या हातानं."

"आगं, भिमानं मला शबुद दिलाय."

मी हात तसाच ठेवला. खांदा भरून आला तरी ठेवला. आन् मग भिमाचा आवाज आला, पार बारीक.

"आक्का, मी खोटं बोललो. ती डाव्यानंच तोडती. आदीपास्नं. माझी बायकू डावरीच हाय."

आक्कानं लेकाकडं बघितलं. "खरं व्हय रं?"

"उगवण झालीया न्हवं, आई," दादासाहेब म्हणला.

म्हातारीनं परत एकदा कोंबांकडं बघितलं. तिला दिसत हुतं, डोळं चांगलं हायत तिचं. खण तिच्या हातात, माझा हात तिच्यापास्नं वीतभर लांब. "उजवा कर," ती म्हणली. "येवढं ऐक. मग दिते."

"मग ऱ्हाऊ द्या."

आक्का वाकली आन् खण बांधावर ठेवला. तिच्या गुडघ्याला त्रास झाला हे मला दिसलं. भिमा खण उचलाय पुढं झाला.

"हात लावू नगा त्याला," मी म्हणलं.

दादासाहेब मधी पडला. "मावशी, पुढच्या साली तीन एकर हाय. तूच पायजेस."

"मग आदी आईला इचारा," मी म्हणलं, "आन् मग सांगावा धाडा. पर कुठल्या हाताला बोलवताय ते सांगाव्यातच सांगायचं. मी फसून यायची न्हाय."

आमी दोघं बांधानं घराकडं निघालो. मी पुढं, भिमा मागं. अर्ध्या वाटंत तो म्हणला, "मी बोललो न्हवं शेवटी? समद्यांच्या देखत बोललो."

"बोललासा. तीस वर्सांत एकदा. त्यात बी एकवीस दिस उशिरा."

"आता तरी राग सोड की."

"न्हाय सोडत," मी म्हणलं. आन् अजून सोडला न्हाय.